ग्लॅडिसच्या तळ्यावर उतरायचं म्हणून

रेनो हापालाने गॅरेजमध्ये चार हिवाळे खपून विमान बांधलं, पण त्यात तो एकदाही बसला नव्हता. बसायची ती डोरीन, त्याची बायको. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यावर तिने वैमानिकाचा परवाना काढला होता. खोक्यांतून सुटे भाग आले, रेनोने ते जोडले आणि डोरीन गावाबाहेरच्या गवताळ धावपट्टीवरून उडायला लागली. रेनो खाली उभा राहून मान वर करून बघत राही.

"एकदा तरी बस की!" ती म्हणायची.

"मी बसलो तर वजन वाढतं," तो म्हणायचा.

खरी गोष्ट वेगळी होती. लाकूड गिरणीत फिटर म्हणून त्याची उमर गेली होती. यंत्रं कुठेकुठे आणि कशी दगा देतात ते त्याने पाहिलेलं होतं. रोज रात्री अंथरुणावर पडला की एखादा बोल्ट डोळ्यांपुढे यायचा. तो आपण नीट आवळला होता ना? बायको वर असताना एवढी धास्ती पुरे होती. त्यात स्वतः बसून तो बोल्ट ऐकत बसायची त्याची छाती नव्हती.

उत्तर ऑन्टारिओत त्यांचं गाव. डोरीनची थोरली बहीण ग्लॅडिस तिथून वर, रस्ताच नसलेल्या एका लांबट तळ्याच्या काठी एकटी राहायची. होडीने नदी चढायची, खळाळ लागला की होडी काठाला बांधायची आणि मग डास मारत रान तुडवायचं. गेल्या वर्षी त्या पायवाटेवर डोरीन घसरली आणि मनगट मोडून बसली. प्लॅस्टर निघालं त्या दिवशीच तिने जाहीर केलं, "चाकं काढ. फ्लोट बसव."

"फ्लोट म्हणजे काय खेळ वाटला तुला?"

"रेनो, ग्लॅडिस काही आता तरणी होत नाहीये. आणि मीही."

त्याने कुणाचे तरी वापरलेले फ्लोट मिळवले, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन लांब, पोकळ होड्याच. गॅरेजच्या तुळईला साखळीची कप्पी लावून त्याने विमान वर टांगलं, चाकं उतरवली आणि फ्लोट खाली सरकवले. विमान आणि फ्लोट यांच्यामध्ये नळ्यांचे तिरके पाय. फ्लोट थोडे पुढे बसले तर नाक उचलतं, मागे बसले तर नाक पाण्यात खुपसतं. पंख आणि फ्लोट यांच्यातला कोन चुकला तर विमान पाण्यावर नुसतं धावत राहतं, उठत नाही. रेनोने पाणसळ लावून मापं घेतली, नळ्या सोडल्या, पुन्हा घेतली. डोरीन कॉफी घेऊन यायची, तर गडी फ्लोटखाली उताणा पडलेला, फक्त बूट दिसायचे.

"जिवंत आहेस ना?"

"बोलू नकोस. पाणसळीतला बुडबुडा मध्ये आलाय."

पहिल्यांदा विमान गावच्या तळ्यात सोडलं, तेव्हा ते छान तरंगलं. जेवून परत येतात तर डाव्या कुशीवर कलंडायला आलेलं! रेनोचा चेहरा असा पडला, की डोरीनला विमानापेक्षा त्याचीच काळजी वाटली. विमान काठावर ओढून त्याने डाव्या फ्लोटमध्येच पाणी भरलं आणि कुठून ठिबकतंय ते बघत खाली बसला. एका जुन्या रिव्हेटपाशी थेंब धरला.

"बघ, तू बसवलेलं काहीच गळत नाहीये," डोरीन म्हणाली.

"तपासायचं काम माझंच होतं," तो म्हणाला आणि फ्लोटमधला रिव्हेट न् रिव्हेट पुन्हा बघितला.

पाण्यावर उतरायचं शिक्षण डोरीनने रीतसर घेतलं आणि जुलैच्या एका सकाळी ती बहिणीकडे एकटी उडाली. दुपारी परत यायची होती. दुपार गेली, संध्याकाळ झाली. शेवटी ग्लॅडिसच्या सॅटेलाइट फोनवरून तिचा आवाज आला.

"विमान पाण्यावरून उठत नाहीये रे. दोनदा धाववून पाहिलं. काळजी करू नकोस, आज इथेच राहते."

काळजी करू नकोस! रेनोच्या डोक्यात एकच शब्द घुमायला लागला: कोन. उजाडताच पाणसळ आणि बोल्ट आवळायचे पाने पिशवीत टाकून तो होडीने निघाला. खळाळापाशी होडी बांधली आणि ती पायवाट धापा टाकत चढला. तळ्याच्या या टोकाला पोचला तेव्हा पलीकडच्या धक्क्यावर दोघी बहिणी पाय पाण्यात सोडून बसलेल्या दिसल्या. त्याने हाका मारल्या.

"ग्लॅडिसची होडी सुरू होत नाही!" डोरीन ओरडली. "थांब तिथेच!"

आणि ती आली ती विमान घेऊन. पाण्यावरून, बदकासारखी फटफटत.

"बस."

"हे उडणार नाही ना?"

"उडालं असतं तर कालच घरी नसते का आले?"

असा रेनो आपल्या विमानात पहिल्यांदा बसला, नावेत बसावा तसा, पिशवी मांडीवर घेऊन. गडी तळं पार होईपर्यंत श्वास कोंडून होता.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्याने पाणसळ काढली. ग्लॅडिसने ब्लूबेरी-पाय, म्हणजे ब्लूबेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, ताटलीतून पुढे केला, तो त्याला दिसलाही नाही. सगळी मापं त्याने घेतली. बुडबुडा बरोबर मध्ये.

"अरे रेनो, तुझं काही चुकलेलं नाही," डोरीन म्हणाली. "पाणी बघ. वाऱ्याची झुळूक नाही की लाट नाही. असं आरशासारखं पाणी फ्लोटला चिकटून बसतं, सोडत नाही. शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, कुणीतरी होडी फिरवून पाणी ढवळून दिलं की सुटतं."

"मग ढवळायचं ना!"

"माझा खांदा गेलाय," ग्लॅडिस म्हणाली. "होडीची मोटर चालू करायची दोरी ओढवत नाही. हिनेही ओढून पाहिली. हिचं मनगट तर तुला माहीतच आहे."

"हे फोनवर सांगता आलं नसतं?"

"सांगणार होते," डोरीन म्हणाली, "पण तू फोन ठेवलास. आणि खरं सांगू? आम्ही रात्रभर गप्पा मारत बसलो. मला घाईच नव्हती."

रेनोने ग्लॅडिसच्या मोटरचा प्लग काढला, पुसला, बसवला आणि दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला मोटर धडधडली. तो होडी घेऊन तळ्यात मोठमोठे वेढे घालायला लागला. आरसा फुटला, लाटा एकमेकींवर आपटल्या आणि डोरीनने विमानाच्या इंजिनाला पूर्ण जोर दिला. फ्लोट आधी पाणी फाडत गेले, मग पाण्यावर चढले, मग नुसते चाटत गेले. आणि मग रेनोला पाणी आणि फ्लोट यांच्यामध्ये पलीकडचा काठ दिसला.

तो काहीतरी ओरडला. काय, ते त्यालाही कळलं नाही.

एक फेरी मारून डोरीन उतरली आणि दार उघडून म्हणाली, "आता तू. पेट्रोल निम्म्यावर आलंय, वजनाचं कारण सांगू नकोस."

"होडी कोण फिरवणार?"

"मी काय मेलेय का?" ग्लॅडिस म्हणाली. "मोटर चालू आहे तोवर मी दिवसभर फिरवीन. खळाळापाशी तुझी होडी आहे ना? ती न्यायला पुढच्या आठवड्यात यावंच लागेल तुम्हाला. ब्लूबेरी-पाय मात्र संपवूनच जायचा."

ब्लूबेरी-पाय संपला. रेनो बसला, पट्टा आवळला, पुन्हा आवळला. ग्लॅडिस हसत हसत वेढे घालत होती, पांढरे केस उडत होते. विमान धावलं, थरथरलं. रेनो कान देऊन प्रत्येक बोल्ट ऐकत होता. मग एकाएकी थरथर थांबली.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"उडालो," डोरीन म्हणाली.

खाली सूचिपर्णी झाडांचं रान आणि त्यात सांडल्यासारखी तळीच तळी. चार हिवाळे आणि एक वसंत रेनोने हे सगळं बोटांनी जोडलं होतं. त्यातून दिसतं काय, हे त्याला आज कळत होतं. डोरीनने एकदा हात लांबवून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

गावचं तळंही तसंच निवांत पडलेलं. पाणी नेमकं किती खाली आहे ते अशा वेळी कळत नाही, म्हणून तिने काठाच्या झाडांवर नजर ठेवून विमान हळूहळू, अगदी हळूहळू खाली सोडलं. टेकलं कधी ते रेनोला कळलंच नाही. फ्लोटखाली पाण्याची सळसळ ऐकू आली, तेव्हा तो म्हणाला, "आलो?"

"आलो."

धक्क्याला लागल्यावर डोरीनने इंजिन बंद केलं आणि दोरी घेऊन उतरली. दोरी बांधून झाली तरी रेनो आपला आतच.

"अरे, उतर की!"

"उतरतो," तो म्हणाला. "जरा बसू दे."