साठीतली ईरा

आल्हादने सुचेताबाईंना सिनेमात घेतलं ते त्यांच्या नाकामुळे. बाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता आणि आल्हाद त्यांचा जुना विद्यार्थी. तो आणि त्याची दोस्तमंडळी सुटीच्या दिवशी विज्ञानपट काढून यूट्यूबवर टाकायची. पहिल्या भागात त्यांची कॅप्टन ईरा मंगळावर जाऊन आली. दुसऱ्यात जवळच्याच कामतघरच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात परग्रहवासी उतरले. आता तिसऱ्यात ती पुढच्या काळात जाऊन म्हातारपणीच्या स्वतःलाच भेटणार होती. तिचं काम करणारी मुलगीही ईराच, विम्याच्या कचेरीत नोकरीला. तिचं नाक सरळ, शेंड्याला जरासं खाली वळलेलं, हुबेहूब बाईंसारखं.

बाईंच्या वाट्याला दोनच वाक्यं आली. एक, 'ये, तुझीच वाट बघत होते,' आणि दुसरं, 'लाल बटण दाबू नकोस.' पाठ करण्यासारखं काही नव्हतं. पण बाईंच्या डोक्यात भलताच किडा शिरला. आपण ही मुलगी व्हायचं, तर ही मुलगी आहे तरी कशी? त्यांनी ईराला जेवायला बोलावलं आणि वाढता वाढता तिला न्याहाळलं. भाजी साफ संपवून मगच ती आमटीकडे वळायची. वाक्य पुरं व्हायच्या आधीच हसायची. आणि बसताना दाराजवळची जागा धरायची, जणू कुणी हाक मारली की निघायला बरं. साठीत यातलं काय उरेल आणि काय गळून जाईल, याचा बाई घोळवून घोळवून विचार करत राहिल्या. हसणं उरेल, असं त्यांना वाटलं. दाराजवळची जागा मात्र सुटेल.

शूटिंग कशेळीला होतं, त्या दोस्तांपैकीच भाविकच्या वडिलांच्या गोदामात. कॅमेराही भाविकच सांभाळायचा. मालाच्या लिफ्टला आतून चंदेरी कागद डकवून तिचं कालयंत्र केलं होतं. ती घरघरत वरच्या मजल्यावर आली, जाळीचं दार सरकलं आणि ईरा बाहेर पडली. खोक्यांच्या मधोमध खुर्चीत बसलेल्या बाईंनी पहिलं वाक्य ठरल्याप्रमाणे म्हटलं. पुढे ईराने यंत्राबद्दल विचारायचं होतं. ती बाईंकडे टक लावून बघत राहिली आणि तिने वेगळंच विचारलं.

"या वयात कंटाळा येतो का गं?"

एरवी ती त्यांना 'अहो बाई' म्हणायची. त्या 'गं'ने बाई क्षणभर गडबडल्या. मग त्यांना आधी हसू आलं आणि उत्तर नंतर.

"येतो की. पण आता तो आला की मी त्याला बस म्हणते. तुझ्यासारखी पळत नाही." पुढे त्यांनीच विचारलं, "मला एक सांग. सकाळी तयार होताना तू काहीतरी गुणगुणायचीस. काय होतं ते? मी विसरले."

शब्दांशिवाय, अर्धवटच, ईराने ते गुणगुणून दाखवलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि त्याही तिच्यामागून तसंच गुणगुणल्या. आल्हाद 'कट' म्हणायचं विसरला.

लाल बटणाचं राहूनच गेलं. कुणी सावध केलं नाही म्हटल्यावर कॅप्टन ईराने परत जाताना ते दाबलंच, आणि ती आदिमानवांत जाऊन पडली. त्यासाठी भाविकच्या काकांना घोंगड्या नेसवून खाडीकाठी उभं करावं लागलं. सिनेमा बऱ्याच लोकांनी पाहिला आणि सगळ्यात जास्त हसले ते या काकांनाच.

मग एके दिवशी दुपारी ईराची आई मृणाली बाईंकडे आली. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी तिची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून हलेना. सिनेमा आपण पुन्हापुन्हा पाहिला, असं तिने संकोचत सांगितलं.

"ईरा साठीची होईल तेव्हा मी नसेन," ती म्हणाली. "असले, तरी मला कळत नसेल. म्हणून बघायला आले. जरा तिच्यासारखं बोलता का?"

बाई उठल्या, चहाचं आधण ठेवलं आणि तिथूनच मागे वळून म्हणाल्या, "आई, तुला साखर कमी ना?"

मृणालीने मान हलवली. मग तिने हळूच विचारलं, "गुडघे दुखतात का गं तुझे?"

"जिना चढताना दुखतात."

"मग तेल लावत जा."

त्या दिवशी मृणाली बराच वेळ बसली. नीट झोप लागते का, जेवण वेळेवर होतं का, घरी बोलायला कुणी असतं का, असं एकेक विचारत गेली, आणि बाई जमेल तशी ईरा होऊन सांगत गेल्या.