दारूचा अंगठा

साल शहाऐंशी. वाटूरजवळच्या आमच्या शाळेत मास्तरांनी पोरं शिकवायची ती शिकवायचीच, वर नसबंदीच्या दोन केसही आणायच्या. नाहीतर वेतनवाढ बंद. एक केस मी कशीबशी आणली होती. दुसरीसाठी मला तुळजाबाई दिसली.

हातभट्टीशिवाय तुळजाबाईचा दिवस उगवत नसे. दोन लेकरं दगावलेली, एक तिच्या आईपाशी वाढत होतं. गाव म्हणायचं, हिला आणखी पोरं कशाला? मलाही ते पटलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. सरकारी पैसे मिळतील म्हटल्यावर ती तयार झाली, पण नसबंदीच्या कॅम्पच्या सकाळी नाही म्हणून दारातच बसली. मग मी, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस, जाऊन बाटली घेऊन आलो. अर्ध्या बाटलीत बाई जीपमध्ये बसली. संमतीच्या कागदावर अंगठाही झोकात उमटला.

दवाखान्यात खैरुनबी सिस्टर होत्या. तुळजाबाईच्या तोंडाचा वास येताच त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

“मास्तर, हा अंगठा दारूनं लावलाय. आपरेशन दारूचं करायचं का हिचं?”

“सिस्टर, तिच्याच भल्याचं हाये.”

“भलं असंल तर उद्या बी भलंच राहील. शुद्धीवर येऊ द्या, मंग इचारते.”

तिला त्यांनी आपल्याच खोलीवर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत सगळं समजावून सांगितलं: पैसे किती मिळतील, आणि पुन्हा लेकरू होणार नाही, कधीच नाही. तुळजाबाई घामाघूम झाली होती.

“आज पोटात दारू न्हाई, म्हनून सांगते. मला अजून एक लेकरू पाहिजे, बाई. जितं राहील असं.”

“बराबर,” म्हणत सिस्टरांनी कागद फाडून टाकला. माझी वेतनवाढ बुडाली. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहिली. आज म्हणतो, माझ्या कातड्याचे जोडे करून त्यांच्या पायात घातले तरी ते उपकार फिटायचे नाहीत. केवढ्या पापातून ओढून काढलं मला त्या बाईनं!

दारू काही चुटकीसरशी सुटली नाही. सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. सिस्टर मात्र तिच्या दारात जायच्या थांबल्या नाहीत.

पंच्याण्णव साली तुळजाबाई सहा वर्षांच्या पोरीला घेऊन शाळेत आली. नाव घालायचं होतं. माझ्या पाया पडायला वाकली.

“तुम्ही दवाखान्यात नेलं, म्हनून मला सिस्टर भेटल्या. लई उपकार हायेत, मास्तर.”

मी मागं सरलो. तो नमस्कार मला घेववेना.

“तुळजाबाई, त्या सकाळी तुम्ही न्हाईच म्हनत व्हत्या. बाटली मी आनल्ती.”

ती सरळ उभी राहिली. मग तिनं पोरीचा हात माझ्या हातात दिला.

“मंग हिला नीट शिकवा.”