उंबऱ्याबाहेर

जेम्माची शवपेटी खांद्यावर उचलली, तरी तिचा नवरा राणुच्चो उंबऱ्यातच उभा. सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघत होती. आमच्या रोकाल्तात बायको गेली की नवरा टोपी काढतो आणि चर्चपर्यंत तिचं नाव घेऊन टाहो फोडतो. नाहीतर तिच्या मागे कुणी नव्हतंच, असं लोक धरतात. पण यंदा नगरपंचांनी कायदा केला, की पुरुषानं उंबऱ्याबाहेर रडायचं नाही, आपल्या शहराला ते शोभत नाही. आणि चौकाचौकांत तो ओरडून सांगितला कुणी? ह्यानंच. मिसरूड फुटल्यापासून शहराचा दवंडीवाला, गळा असा की वेशीबाहेरची गाढवं थबकायची.

जेम्माचा भाऊ लुपो आधीच तापट. "लोकांच्या हरवलेल्या खेचरांसाठी घसा फोडतोस," तो म्हणाला, "माझ्या बहिणीसाठी आवाज नाही होय रे तुला?"

"मीच सांगितलंय ना सगळ्यांना," राणुच्चो हळूच म्हणाला. "आता मीच मोडू?"

मला असा संताप आला त्याचा! मी समोरची भट्टीवाली, शेजारधर्म म्हणून गप्प बसले. मेला तो कायदा. पंचांनी फार तर कोठडीत टाकलं असतं. पाव मी पोचवला असता. हा मात्र ओठ मिटून चालत राहिला, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता. जेम्मा कुणी टाहो न फोडताच गेली, याचं मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात पंचांनी तो कायदा पुन्हा पुकारायला लावला. लोहारआळीत कुणी म्हातारा लेकासाठी रडला म्हणे. राणुच्चो कर्णा फुंकून आमच्या कोपऱ्यावर उभा राहिला. शब्दन् शब्द खणखणीत. शेवटी नेहमीचं, "ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये!"

यावर दर वेळी जेम्मा खिडकीतून म्हणायची, "ऐकलं हो, ऐकलं. आता जेवायला या." गल्ली हसायची आणि मगच तो पुढच्या चौकात जायचा.

त्या दिवशी तो हललाच नाही. मान वर करून बंद खिडकीकडे बघत राहिला. येणारेजाणारे थांबले, पण हसलं कुणी नाही. शेवटी मीच पिठाचे हात पुसले, दारात आले आणि म्हणाले, "ऐकलं हो, राणुच्चो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडेच बघत टोपी काढली आणि बराच वेळ हातात धरून उभा राहिला. मग ती पुन्हा डोक्यावर घातली, कर्णा काखेत मारला आणि पुढच्या चौकाकडे निघून गेला.