सोमवारची यादी

सोमवारी सकाळी ग्रंथपालांना सगळ्यात आधी तोंड दिसायचं ते डॉक्टरबाईंचं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप कसे धाडतात, ते पार रेणूपर्यंत जाऊन तपासायचं हे बाईंचं काम. आल्या की एकच मागणं: माझ्या त्या मोठ्या पेपरचा संदर्भ या आठवड्यात कोणी कोणी दिला, त्यांची नावं द्या. ग्रंथपाल यादी छापून द्यायचे आणि मनात म्हणायचे, घ्या, कौतुकाची भूक काही केल्या भागत नाही माणसाची. घरी बायकोलाही त्यांनी हे तिखटमीठ लावून सांगितलं होतं.

अभिमान त्यांनाही होताच, खोटं कशाला बोला. त्या एकट्या पेपरला अकराशे सायटेशन्स, म्हणजे अकराशे जणांनी दिलेले संदर्भ! संस्थेत दुसऱ्या कोणाच्या नशिबी एवढी नव्हती. वार्षिक अहवालात ते हा पेपर दरवर्षी ठळक अक्षरांत छापत.

यंदा बाईंच्या लॅबची मुदत संपत होती. पुढची पाच वर्षं मिळणार की दाराला कुलूप लागणार, हे बाहेरून येणारी समिती ठरवणार होती, आणि नियम असा की निदान पाचशे सायटेशन्स हवीत. बाईंची सगळी मिळून पंधराशेच्या घरात. ग्रंथपालांनी आनंदाने तक्ता केला. बाईंनी तो पाहिला आणि पहिल्याच ओळीवर काट मारली.

"हा पेपर चुकलाय," त्या म्हणाल्या. "याची सायटेशन्स माझ्या नावावर धरू नका."

ग्रंथपाल चाट पडले. बाईंनी मग शांतपणे समजावलं. आठवणींशी संबंध असलेलं एक प्रोटीन मेंदूत कुठे असतं, ते त्यांनी नेमकं त्यालाच चिकटावं अशी एक अँटिबॉडी वापरून रंगवून दाखवलं होतं. पुढे, कोणी सांगितलेलं नसताना, त्यांनी तीच अँटिबॉडी अशा उंदरांवर वापरून पाहिली ज्यांच्यात ते प्रोटीन मुळात नव्हतंच. तरी रंग चढला. म्हणजे ती भलत्यालाच चिकटत होती. बाईंनी तशी दुरुस्ती छापली, पण ती वाचतो कोण? जो तो जुनाच पेपर उचलत राहिला.

"मग दर सोमवारी यादी कशाला नेता?"

"प्रत्येकाला पत्र लिहिते. यावर विसंबू नका म्हणून."

ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं ही बाई आपली चूक घरोघरी जाऊन सांगावी तशी सांगत होती, आणि आपण काय समजत होतो! तरी त्यांना राहवेना. एवढ्या वेळेपुरतं राहू द्या, असं त्यांनी चाचरत सुचवून पाहिलं. बाई हसल्या आणि पेन पुढे केलं. बेरीज उरली तीनशे चौऱ्याऐंशी.

समितीपुढे तक्ते वाटायला ग्रंथपालच होते. अध्यक्ष म्हणजे याच विषयातलं बडं प्रस्थ. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, तुमचा गाजलेला पेपर यात कसा नाही? बाईंनी कारण सांगितलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

"दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या पेपरची सगळी मांडणी मी त्याच्याच आधारावर केलीये," ते म्हणाले.

"हो. तुम्हाला दोनदा पत्र लिहिलं होतं."

दाराशी उभ्या ग्रंथपालांनी डोळे मिटले. संपलं, बाईंनी स्वतःच्या हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला. आणि तरी त्यांचा ऊर असा भरून आला होता की काय सांगावं.

नियमाला अपवाद करून समितीने मुदत वाढवली, पण पाच नाही, दोनच वर्षं. ग्रंथपाल आठवडाभर धुसफुसत होते. बाई मात्र सोमवारी ठरल्या वेळी हजर.

सहा-सात महिन्यांनी एका सोमवारी यादीत तीन नावं आली. तिसरं अध्यक्षांचं. त्यांनी आपल्या पेपरची दुरुस्ती छापली होती, आणि त्यात जुन्या पेपरसोबत बाईंच्या दुरुस्तीचाही संदर्भ होता. ग्रंथपालांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी ती दोनदा वाचली.

"म्हणजे आज दोनच पत्रं," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. सात वर्षांत ग्रंथालयात त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.