पहाटेची बादली

तिसऱ्या खेपेची पिल्लंही टाकीच्या तळाशी पडू लागली, तेव्हा ताईला रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिचं तर उभ्या उभ्या डोळा लागण्यापर्यंत आलेलं.

समुद्री माशांची पिल्लं वाढवायच्या त्या शेडमध्ये बहीण-भाऊ दोघंच राबायचे. धाकटा टाक्या सांभाळायचा, ताई खाऊ करायची. ही पिल्लं हट्टी, जिवंत हलेल तेच गिळणार. म्हणून आर्टेमिया, कोळंबीचे ठिपक्याएवढे भाईबंद. तेही नुसते घालून चालत नाहीत. आधी त्यांना रात्रभर माशाच्या तेलाचं मिश्रण पाजायचं, मग ते तेल त्यांच्यामार्फत पिल्लांच्या पोटात जातं. ताईने तेल बदललं, वाढवलं. मरायची ती मरतच होती. ही खेप गेली की शेड बंद आणि धाकटा बोटीवर नोकरीला, हे ठरलेलंच होतं.

"तेलच भेसळीचं असेल," धाकटा म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं. तेलाला अजून किती शिव्या देऊ?"

रोजच्यासारखी खाऊची बादली तयारच होती. ताईने उचलली, तर हाताला कोमट लागली. तिने थेंबभर पाणी भिंगाखाली धरलं. आर्टेमिया वळवळत होते, पण पोटात तेलाचा टिपूसही नव्हता.

"हे तू कधी काढलेस?"

"पहाटेच. रोज काढतो की. तू मेल्यासारखी झोपलेली असतेस. म्हटलं, पडू दे जरा, उठली की घालेल."

"बर्फात ठेवायचे असतात रे! उबेत उपाशी राहिले की प्यायलेलं तेल स्वतःच जाळून टाकतात."

धाकट्याचा चेहरा पडला. "मला वाटलं, जिवंत आहेत म्हणजे झालं."

इतक्या महिन्यांत ताईच्या झोपेची काळजी एकट्या त्यानेच केली होती, आणि नेमकी तीच नडली होती. तिला त्याचा राग आला आणि मायाही आली.

"ओतून टाक ती बादली. तेल पाजायच्या टाकीत थोडे आर्टेमिया उरलेत, ते काढ आणि लगेच घाल. निम्मी पिल्लं अजून पोहतायत."

"आणि उद्या?"

"उद्यापासून मला उठव. नाही उठले तर तोंडावर पाणी मार."

तो बादली ओतून, जाळी घेऊन पळाला. ताई रिकाम्या बादलीशेजारी खाली बसली, आणि आता मात्र तिला रडू आलं.