खालचं काम

बेअरिंगचा तो अर्धगोल तुकडा, फुटक्या बांगडीएवढा, खिशात हाताला लागला आणि बळवंत मेस्त्रीचा अंगठा पुन्हा त्याच कडेवर गेला... एक कड जाड, दुसरी झिजून पार तांबं उघडं पडलेली. एकाच बाजूने झीज, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा आतला रॉड वाकलेला. आणि हे कळावं कधी, तर आज सकाळी, बोईसरला गॅरेज झाडताना, काढून टाकलेल्या जुन्या मालात! इंजिन इकडे दांडी गावच्या किनाऱ्यावर होडीत बसून, त्याची पूजासुद्धा आटोपल्यावर.

पूजा तरी कसली, टर्बोची. नव्याकोऱ्या टर्बोला झेंडूचा हार, टर्बोपुढे नारळ, टर्बोला होडीवाल्या भिका तांडेलाचा वाकून नमस्कार. महिनाभर घसा कोरडा केला मी — तांडेल, टर्बो वरून जोर देईल, पण तो सोसायचा खाली, क्रँकने आणि रॉडने. लॉरीतून काढलेलं जुनं इंजिन हे, आधी खालचं काम पक्कं करू. क्रँक घासून घेतला, बेअरिंग नवी घातली, बोल्ट जाड टाकले. रॉड बदलायची वेळ आली तेव्हा मात्र भिका म्हणाला, "जुनेच बरे हायत." पालथ्या घड्यावर पाणी! आणि मी वैतागून, बरं, म्हणून मोकळा झालो.

आता उघडायचं म्हटलं तर खालच्या चेंबरच्या बोल्टांनाही भिकाच्या बायकोने, रखमाने, कुंकू लावलेलं. पूजलेल्या इंजिनाला पहिली फेरी होईस्तोवर पाना लावायचा नाही, असा यांचा नियम. कोणी काढला असेल? बेअरिंग कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नव्हतं त्यानेच.

भिकाने इंजिन चालू केलं. "ऐकलास? वाघ हाय वाघ!"

आवाज खरंच छान होता. बळवंत कान लावून त्याच्या तळाशी ठोका शोधत होता... वाकलेल्या रॉडचा एकच, बारीकसा ठोका. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण ठोक्याला भीत नाही, त्याची विनवणी करतो आहोत. ठोक बाबा, एकदा ठोक, म्हणजे मला तोंड उघडायला नको. पण इंजिन लेकाचं लोण्यासारखं चाललं होतं, आणि बळवंतला त्या चालण्याचाच संताप आला.

"बलवंतदादा, आता काय भ्या नाय ना?" रखमाने विचारलं.

"नाही, वहिनी. चालेल."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. चालेल. रॉड पहिल्या फेरीत तुटेल, दहावीत तुटेल, कदाचित कधीच नाही... खोल पाण्यात, चार माणसांना घेऊन.

"चल, चढ," भिका होडीतून हात पुढे करत म्हणाला. "पयल्या फेरीला मेस्त्रीचा मान. तू बी ये."

पाणी गुडघ्याएवढं होतं. बळवंतचा पाय उचलेना. गॅरेज उघडं टाकलंय, पोटात बरं नाही — सबबी भराभर सुचत होत्या, आणि भिकावरचा महिनाभराचा राग, इतका भक्कम, इतका हक्काचा, त्याला कुठेच सापडत नव्हता. जिथे मी चढायला धजत नाही, तिथे यांना धाडायला निघालो होतो. त्याला लाज वाटली, अगदी उघडी लाज.

"काय रं, भितोस?" भिका हसला. हात तसाच पुढे होता.

"हो," बळवंत म्हणाला, आणि खिशातला तुकडा मुठीत धरून तसाच पाण्यात उभा राहिला.