दवाखान्याचा गिलावा
आमच्या गावात जुन्या बाजाराकडे इंग्रजांच्या वेळच्या तीन इमारती होत्या. कचेरी, शाळा आणि दवाखाना. आता दोनच आहेत.

दवाखाना पाडायचा ठराव झाला होता. तेव्हा नागपूरहून खुशी नावाची इंजिनिअर आली. ती म्हणाली, भिंती मजबूत आहेत, वरच्या सिमेंटने नासल्या. जुन्या पद्धतीचा चुन्याचा गिलावा करा. नगरपंचायतीने एक भिंत करून दाखवायला सांगितली. पावसात टिकली तर ठराव मागे घेणार होते.

व्हरांड्याच्या एका भिंतीला अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी चुन्याचा गिलावा केला होता. ती तशीच उभी होती, म्हणून खुशी माझ्याकडे आली. बकारामजी, जमेल ना, असं तिने विचारलं. मी जमेल म्हणालो.

माझी बायको सुशीला त्याच वर्षी चैत्रात वारली होती. तिच्या हातचं म्हणून तेवढी एक भिंत राहिली होती. ती पडू नये, एवढंच मला पाहिजे होतं.

आमच्यात थापी माझी आणि चुना तिचा. खड्ड्यात चुना भिजवायचा, बेलाच्या गराचं पाणी आंबवायचं, गूळ घालायचा. किती आणि कधी, ते तीच पाहायची. तेव्हा मी चहाच्या टपरीवर असायचो. भिंत झाली तेव्हा दवाखान्याच्या साहेबांनी शाल मला दिली. ती मागे घमेलं धूत होती.

फुलचूरला दिलेल्या लेकीला, रेणूला, फोन केला. आई बेलाचं पाणी किती दिवस ठेवायची, ते विचारलं.

“बाबूजी, तुम्ही तीस वर्षं तिच्या बाजूलेच होते ना? मले काऊन विचारून राहिले?”

मी अंदाजाने केलं. सुशीला चुना जिभेवर लावून पाहायची, तसा मीही लावला. जीभ भाजली, कळलं काही नाही. खुशीला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. पाडायचा ठेका घेतलेला चुन्नीलाल येता-जाता म्हणायचा, बकाराम, भिंतीले एक छत्री घेऊन दे.

आषाढात पावसाच्या तिसऱ्या दिवशी गिलावा फुगला. हात लावला तर पापुद्रा सुटून आला. शेजारची जुनी भिंत कोरडी होती.

“काका, तेव्हा वेगळं काय घातलं होतं?” खुशीने विचारलं.

“मी काहीच नाही घातलं. चुना माझी बायको करायची.”

“मग त्यांना का नाही बोलावलं?”

चैत्रात गेली, म्हणून सांगितलं. खुशी वही बंद करून गेली.

दिवाळीनंतर दवाखाना पाडायला मशीन लागली. जुन्या भिंतीचा गिलावा विटांसकट पाट्यासारखा निघाला. मी तो तुकडा मागितला. चुन्नीलाल म्हणाला, कायले पाहिजे तुले, आणि ट्रॅक्टरमध्ये टाकला. बोदलकश्याच्या रस्त्याचे खड्डे भरायला मलबा जात होता.

त्या रस्त्याने मी कधी कधी जातो. तो तुकडा वळणावर आहे. वरून धानाचे ट्रॅक्टर जातात. अजून फुटला नाही.